न नेसलेल्या कापडांची गोधडी

माझं काम घरं किती ओली आहेत ते मोजण्याचं आहे. पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत असताना हे कोणी सांगितलं असतं, तर मी कॉमर्सला गेलो असतो. ऑकलंडमध्ये घर भाड्याने द्यायचं तर छतात इन्सुलेशन आहे का, हीटर पुरेसा आहे का, भिंतीत ओल किती, याचा दाखला लागतो. तो देणाऱ्यांपैकी मी एक. दोन सुयांचं यंत्र भिंतीत टोचायचं, आकडा लिहायचा आणि घरमालकाच्या चेहऱ्याकडे न बघता निघायचं. अठरा वर्षं मी आकड्यांशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही. इथेही जमेल तिथे आकडेच देईन.

आमचं माउंट रॉस्किलचं घर भाड्याचं आहे, आणि ओलं आहे. दाखला दुसऱ्याने दिलेला आहे. हिवाळ्यात टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत. मागच्या खोलीत हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर चोवीस तास घरघरतो, आणि त्याची टाकी रोज सकाळी भरलेली असते. मार्चमध्ये आई आली तेव्हा तीच खोली तिला दिली, कारण तिथे दुपारी ऊन येतं. म्हणजे ऊन असेल तेव्हा.

आई, स्नेहलता, वय एकोणऐंशी. मिरजेचं घर बंद करून मी तिला घेऊन आलो, कारण ती गॅस चालू ठेवून विसरायला लागली होती. माणसं मात्र विसरत नव्हती. त्याचं श्रेय मी तिच्या गोधडीला देतो. आमच्याकडे गोधडी जुन्या नेसत्या कपड्यांचीच शिवतात, आणि दुपारी पांघरली की झोप लागेपर्यंत एकेका तुकड्यावर बोट ठेवून तो कोणाचा ते म्हणायचं. हा माईच्या लुगड्याचा. हा सुशांतच्या शाळेच्या शर्टाचा. माई म्हणजे माझी आजी. सुशांत माझा धाकटा भाऊ, एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला. आई त्या तुकड्यावर रोज थांबायची, नाव घ्यायची, डोळे पुसायची आणि पुढे सरकायची. एकतीस वर्षं.

ती गोधडी न्यूझीलंडमध्ये आली नाही. शिवताना पोटात तांदळाचे दाणे घालायची आमची रीत, आणि विमानतळावरच्या यंत्राला ते दिसले. तिथली बाई अतिशय सभ्य होती. गोधडीला धुरी देऊन तीन आठवड्यांनी परत मिळेल, किंवा नष्ट करता येईल, असं तिने सांगितलं. वीस तासांचा प्रवास झाला होता. आई व्हीलचेअरवर पेंगत होती. मी ‘नष्ट’वर खूण केली आणि सही केली.

आईने त्यावरून मला एक शब्दही ऐकवला नाही. दुपारी नुसतीच पडून राहायची, ड्युव्हेवर, म्हणजे इकडच्या जाड रजईवर, बोट फिरवत. ड्युव्हे पांढरा होता. महिन्याभरात तिने माझ्या बायकोला, संपदाला, दोनदा ‘आपण कोण?’ असं विचारलं. मेमरी क्लिनिकच्या नर्सने ओळखीच्या वस्तू हाताशी ठेवा म्हणून सुचवलं. मी मान डोलावली.

उपाय संपदाने काढला. ती एका पेरोल सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे आणि कामासाठी ऑस्ट्रेलियाला जात असते. लोक तिथून चॉकलेटं आणतात, ती कापडं आणते. तिथल्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, चित्रकारांच्या नक्षीची सुती कापडं, अर्धा मीटर, पाव मीटर. ठिपक्यांच्या रांगा, पाण्याची डबकी, बियांची शेतं, वरून बघितल्यासारखी माती. अकरा वर्षं तिने ती प्लास्टिकच्या तीन डब्यांत साठवली होती आणि एकालाही कात्री लावली नव्हती. मी त्यावर पुरेसे विनोद करून झाले होते.

“आईंसाठी कापते,” ती म्हणाली. “आणि यतीन, एकही विनोद नको.”

आईने कापडं हातात घेऊन पाहिली, उलटून पाहिली, हुंगली.

“ही कोणी नेसलेली नाहीत,” ती म्हणाली. “नव्या कापडाची गोधडी कोण शिवतं? यात कोणीच नाही.”

तरी ती शिकवायला बसली. मशीन नाही, हाताने धावदोरा, कडेपासून सुरू करून गोल गोल मध्याकडे. बोटं काही विसरलेली नव्हती. प्रत्येक कापडाच्या पांढऱ्या काठावर बारीक छापील अक्षरांत चित्रकाराचं आणि चित्राचं नाव होतं. पांढरी कड विचित्र दिसली असती, म्हणून संपदाने सगळे काठ कापून टाकले. मी ते गोळा करून कचऱ्यात नेऊन टाकले. लाल झाकणाच्या डब्यात, कारण कापड रिसायकलिंगमध्ये चालत नाही. मी नियम पाळतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गोधडी झाली. छत्तीस तुकडे. शेवटचा चौकोन बंद करण्याआधी आईने सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातल्या तांदळाचे पाच दाणे आत सोडले. मग गोधडी मांडीवर पसरली आणि म्हणाली, “आता यांना माणसं द्यायला पाहिजेत.”

आणि तिने ती दिली. नर्सने सांगितल्याप्रमाणे मी एका वहीत चौकोन आखून लिहून घेतली. गेरूच्या रंगाचा सुशांतला. पिवळ्या ठिपक्यांचा माईला. डबक्यांचा मिरजेच्या बाळासाहेबमामांना, आणि त्याच्या शेजारचा त्यांच्या मुलाला, धैर्यशीलला. जांभळ्या बियांचा संपदाला. निळा आमच्या मुलीला, मैत्रेयीला, ती ड्युनेडिनला शिकते. मला काळ्यावर पांढऱ्या आखीव रांगांचा तुकडा मिळाला, मॉलच्या पार्किंगसारखा दिसणारा. मेलेली आणि जिवंत माणसं शेजारी शेजारी, जशी कुठल्याही घरात असतात.

तीन आठवडे सगळं इतकं छान चाललं की मी नर्सला ईमेल लिहिली. दुपारी दोन वाजता आई पडायची आणि छत्तीस नावं घ्यायची. संपदाला ‘आपण’ म्हणणं बंद झालं. मैत्रेयीने फोनवर इंग्रजीत विचारलं की आजी माझ्या रूममेटचं नाव कशी लक्षात ठेवते. मला स्वतःला ते माहीत नव्हतं.

जूनअखेरीस एका सकाळी डीह्युमिडिफायरची टाकी रिकामी होती. मी बटण तपासलं. यंत्र चालू होतं, खोलीत हवाच कोरडी होती. बाहेर चार दिवस पाऊस होता, स्वयंपाकघरात आर्द्रता अठ्ठ्याहत्तर टक्के, आईच्या खोलीत एकवीस. छताच्या कोपऱ्यातली बुरशी वाळून पापुद्र्यासारखी गळून पडली होती. वास येत होता तापलेल्या दगडाचा आणि लांब कुठेतरी जळणाऱ्या काटक्यांचा. माझ्या धंद्यात याला उत्तम निकाल म्हणतात. मी खिडकीच्या फटी तपासल्या, भिंतीला चार ठिकाणी सुया टोचल्या, आणि कारण सापडलं नाही म्हणून आकडे लिहून ठेवले.

त्याच आठवड्यात आईने सुशांतचं नाव घेणं थांबवलं.

बोट गेरूच्या चौकोनावर जायचं, तिथे थांबायचं, एक नाव म्हणायला लागेल तेवढा वेळ. ओठ मिटलेले. मग पुढे. डोळे पुसणं नाही. माईच्या चौकोनावर तेच. आजोबा, काकू, सगळे गेलेले असेच गेले, आणि जिवंत माणसांची नावं खणखणीत. मला वाटलं, विसरली. मी हळूच म्हणालो, “हा सुशांतचा ना, आई?”

तिने माझ्याकडे पाहिलं. चार लोकांत मी काहीतरी अचकटविचकट बोललो असेन, तसं.

“तो धाकटा,” ती म्हणाली. “कळलं की नाही? मग नाव कशाला घेतोस?”

ती विसरली नव्हती. शांत झाली होती. रात्रीची झोप लागत होती, वजन दोन किलो वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, बघा, शोक ओसरायलाही वेळ लागतो. एकतीस वर्षं हा वेळ मला पुरेसा वाटला.

मी एकच गोष्ट केली, सवयीने. भिंतींचं तापमान लांबून मोजायचं एक यंत्र माझ्याकडे असतं. आई अंघोळीला गेली असताना मी ते गोधडीवर धरलं. पलंगावर तासभर कोणी नव्हतं. बहुतेक तुकडे तेरा अंश, खोलीइतके. नऊ तुकडे चौतीस. कोणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखे. वहीतल्या चौकोनांशी ताडून पाहिलं. सुशांत, माई, आजोबा, काकू. आठ गेलेली माणसं.

नववा तुकडा डबक्यांचा होता. बाळासाहेबमामांचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाळासाहेबमामा मे महिन्यातच वारले होते. आईला सांगितलं नव्हतं. तसं कोणी ठरवलं नाही, आमच्याकडे ते ठरवावं लागत नाही. वयस्कर माणसापासून मृत्यू लपवायचं काम सगळं घर मिळून करतं, आणि इतकी एकवाक्यता लग्नाच्या वेळीही नसते. आईला फोनच्या पडद्यावरचं नीट दिसत नाही, म्हणून व्हिडिओ कॉल नसायचा, आणि धैर्यशील दर रविवारी वडिलांचा आवाज काढून फोन करायचा. हुबेहूब काढायचा, खोकल्यासकट. आई आपल्या भावाशी दहा मिनिटं बोलायची, आणि आम्ही सगळे आपापल्या जागी स्वतःला भले समजायचो.

त्या रविवारी फोन आला. पलीकडून खोकला, मग “काय गं स्नेहल, थंडी काय म्हणते?” आई काही वेळ ऐकत राहिली.

“धैर्यशील,” ती म्हणाली, “पुरे आता. घसा बसेल तुझा.”

फोन स्पीकरवर होता. पलीकडे धैर्यशील रडायला लागला. आई त्याला समजावत राहिली, बाप जायचाच असतो वगैरे, आणि त्या सगळ्या बोलण्यात तिने भावाचं नाव एकदाही घेतलं नाही. दुपारी डबक्यांच्या तुकड्यावर तिचं बोट मुकं थांबलं.

“तू सांगितलंस?” संपदाने मला विचारलं.

“तू?”

मैत्रेयीलाही विचारून झालं. मग आम्ही तो विषय सोडून दिला, आणि संपदा गोधडीला हात लावताना थोडी थबकायला लागली.

ऑगस्टमध्ये जॉइस आली. संपदाच्या क्विल्टिंगच्या ग्रुपमधली, सत्तरी ओलांडलेली, मध्य ऑस्ट्रेलियात वीस वर्षं नर्स होती. उसनी नेलेली कात्री परत द्यायला आली होती. गोधडी पाहून तिने कौतुक केलं, मग कडा बघत विचारलं, काठ कुठे गेले? संपदाने सांगितलं. जॉइस म्हणाली, “त्यावर नावं होती.” दोष देण्याच्या सुरात नाही. मग संपदाने, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून, दुपारच्या नावांबद्दल सांगितलं. आधी गेलेल्यांचीही घ्यायच्या, आता थांबल्या म्हणाली.

जॉइसने चहाचा कप खाली ठेवला. ती जिथे होती तिथे माणूस गेला की त्याचं नाव बराच काळ कोणी घेत नसे, असं तिने सांगितलं. वॉर्डात त्याच नावाचा दुसरा कोणी असेल, तर त्यालाही वेगळ्या शब्दाने हाक मारायचे. भीतीने नाही, आदराने. ती स्वतःही ते पाळायची. मग म्हणाली, अर्थात हे कापड आहे, फॅक्टरीत छापलेलं, दुकानात मीटरवर मिळतं, माझ्याकडेही आहे. हसली. पण बोलताना ती उठून खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली होती, आणि जाताना आईच्या खोलीचं दार तिने स्वतः ओढून घेतलं.

त्या आठवड्यातला गुरुवार. मी दुपारी घरीच होतो, रिपोर्ट लिहीत. दोन वाजून दहा मिनिटं. आतून नावं येत होती, रेडिओवरच्या बाजारभावांसारखी. मग एक खंड पडला. डबक्यांचा तुकडा, तो आता नेहमीचाच. आणि लगेच दुसरा, तेवढाच लांब.

मी आत गेलो. आईचं बोट डबक्यांच्या शेजारच्या चौकोनावर होतं.

“आई, हा धैर्यशीलचा.”

“मिरजेचा पोरगा,” ती म्हणाली. अगदी साधेपणाने. पुढच्या तुकड्यावर गेली. “संपदा. मैत्रेयी. यतीन.”

हिवाळ्यात आम्ही भारताच्या साडेसहा तास पुढे असतो. तिकडे सकाळचे सात चाळीस झाले होते. मी धैर्यशीलला फोन लावला. तो जिमला निघाला होता. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दर वर्षी अर्धी मॅरेथॉन पळणारा. कसा आहेस विचारलं. म्हणाला, “मस्त. आत्या काय म्हणते? अजून नक्कल करू का?” आम्ही दोघेही हसलो. तिकडच्या नऊ वाजता तो ट्रेडमिलवर कोसळला. तासाने त्याच्या बायकोचा फोन आला.

मी वही काढली, वेळ लिहिली.

शनिवारी संपदाने गोधडी उचलून गॅरेजमध्ये ठेवली. आई नेहमीप्रमाणे दोन वाजता पडली, पांढऱ्या ड्युव्हेवर बोट ठेवलं, आणि त्याच क्रमाने, त्याच अंतराने पुढे सरकत राहिली. थांबायच्या जागी थांबत.

रविवारी संपदा गॅरेजमध्ये उसवायची कात्री घेऊन बसली. पहिला टाका तोडला, तेवढ्यात आई दारात उभी. वॉकरशिवाय, अनवाणी, काँक्रीटच्या थंड फरशीवर.

“उसवू नको,” ती म्हणाली. “उसवलंस तर कोणाचा तुकडा आधी सुटेल, ते तुला माहीत आहे का?”

संपदाने खाली पाहिलं. कात्रीच्या टोकाशी निळा तुकडा होता.

तिने तो एक टाका परत घातला, दोनदा गाठ मारून. गोधडी परत पलंगावर आली.

त्यानंतर आम्ही दुपारचे दोन चुकवले नाहीत. संपदाने घरून काम मागून घेतलं. मी सगळी घरं सकाळीच मोजायला लागलो. आई पडायची, आम्ही दोघे पलंगाच्या दोन बाजूंना बसायचो, आणि ती “मैत्रेयी” म्हणेपर्यंत आमच्यापैकी कोणी श्वास घ्यायचं नाही. म्हटलं की संपदा उठून ड्युनेडिनला मेसेज करायची, जेवलीस का. उत्तर यायचं, “आई, I'm in a lecture.” मग आम्ही चहा प्यायचो. आईची तब्येत उत्तम होती. नर्स म्हणाली, तुमच्यासारखं घर सगळ्यांना मिळत नाही.

काल हेंडरसनला एका घरात अडकलो. घरमालक हुज्जत घालत होता, माझं यंत्रच बिघडलंय म्हणत होता. दीड वाजले. मोटरवेवर गाड्या उभ्याच. दोन वाजता मी व्हाइटस्वॉन रोडच्या सिग्नललाही पोचलो नव्हतो. संपदाला फोन केला, तो तिने घेतला नाही. नावं चालू असताना ती फोन घेत नाही.

घरी पोचलो तेव्हा साडेतीन होत आले होते. आई झोपली होती, तोंडावर ऊन. संपदा स्वयंपाकघरात ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून कोबी चिरत होती.

“घेतली सगळी?” मी विचारलं.

“घेतली.”

“मैत्रेयीचं?”

“घेतलं. मी परत एकदा घ्यायला लावलं. घेतलं.”

“तुझं?”

“माझंही.”

सुरी चालू होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. पाटावरचा कोबी केव्हाच संपला होता.

मी पुढचं विचारलं नाही.

तिने सुरी ठेवली, हात पुसले, आणि माझ्या खांद्यावरून माझा कोट उतरवून घेतला. असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. आम्ही एका वर्गात होतो. हाक मारायला तिने माझ्या नावाशिवाय दुसरं काही वापरलेलं नाही, लग्नाच्या मांडवातही नाही, भांडणातही नाही.

“अहो,” ती म्हणाली, “बसा ना जरा. चहा ठेवते.”